पहिला ॲम्प, पहिलं पेडल: कशावर खर्च करावा आणि कुठे थांबावं

प्रश्न थोडक्यात असा आहे: अकौस्टिक गिटारवर कॉर्ड बऱ्यापैकी बसल्या आहेत, आता इलेक्ट्रिक घेतली आहे. वाजवणं बहुतेक खोलीत, रात्री, घरच्यांची झोप न मोडता. पुढे जमलं तर बँडमध्ये. अशा माणसाने १० वॉटचा ॲम्प घ्यावा की ४० चा, ट्यूबचा (काचेच्या जुन्या व्हॉल्व्हवर चालणारा) की डिजिटल, आणि सोबत चार-पाच पेडलं (पायाने चालू-बंद करायची, आवाज बदलणारी छोटी खोकी) घ्यावीत की अनेक इफेक्ट्स एकाच खोक्यात असलेलं मल्टिइफेक्ट्स?

उत्तर आधीच सांगून टाकतो. बजेटचा मोठा हिस्सा ॲम्पला द्या. ॲम्प निवडताना वॉट आणि इफेक्ट्सची संख्या बाजूला ठेवा. रोज ज्या आवाजात वाजवणार आहात, त्या आवाजात त्याचा क्लीन टोन, म्हणजे न फाटलेला स्वच्छ आवाज, कसा लागतो ते ऐका. पेडलांपैकी ट्यूनर (तारा सुरात आहेत का ते दाखवणारं) लगेच घ्या. बाकीची पेडलं तेव्हा घ्या, जेव्हा ॲम्पमधून नेमकं काय मिळत नाहीये हे तुम्हाला सांगता येईल. बरेच नवे वादक याच्या उलट क्रमाने जातात: खोक्यात आलेला मिळेल तो छोटा ॲम्प, आणि त्याच्यापुढे पेडलांची रांग. मग आवाज आवडत नाही म्हणून आणखी एक पेडल.

अकौस्टिकमध्ये लाकडी पेटी आवाज घडवते. इलेक्ट्रिकमध्ये ते काम ॲम्प आणि त्याचा स्पीकर करतात. तारांखालच्या पिकअपमधून (तारांची कंपनं पकडणाऱ्या चुंबकीय कॉइलमधून) निघतो तो काही शे मिलिव्होल्टचा अशक्त सिग्नल. त्याला चेहरामोहरा पुढे मिळतो. फेंडर कंपनीने १९५० च्या दशकात बेस गिटारसाठी बॅसमन नावाचा ॲम्प काढला. लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानातल्या मंडळींनी १९६२ च्या सुमारास जवळजवळ त्याच सर्किटवरून जेटीएम४५ बनवला. आराखडा तोच, पण ट्यूब वेगळ्या, ट्रान्सफॉर्मर वेगळा, आणि बॅसमनच्या मागून उघड्या पेटीतल्या चार १० इंची स्पीकरांऐवजी बंद पेटीत चार १२ इंची. एवढ्या फरकाने आवाज इतका पालटला की त्यातून रॉक संगीताचं एक वेगळं घराणंच उभं राहिलं. गिटार तीच ठेवून ॲम्प बदला, फरक लगेच कळेल. ॲम्प तोच ठेवून त्याच जातीची दुसरी गिटार लावा, फरक शोधावा लागेल.

आता वॉटबद्दल, कारण सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ४० वॉटचा ॲम्प १० वॉटच्या चौपट मोठ्याने वाजत नाही. ताकद दुप्पट केली की आवाज ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण १० डेसिबल, म्हणजे दहापट वॉट लागतात. १० आणि ४० वॉटमध्ये फरक फक्त ६ डेसिबलचा. उलट स्पीकरकडे कुणी बघत नाही. गिटारचे १२ इंची स्पीकर एका वॉटला एक मीटर अंतरावर साधारण ९५ ते १०० डेसिबल देतात. ९७ चा स्पीकर काढून १०० चा लावला तर ॲम्पचे वॉट दुप्पट केल्यासारखाच परिणाम होतो. आणि याच आकड्यांवरून हेही दिसतं की चांगल्या स्पीकरवर एक वॉटसुद्धा रात्रीच्या खोलीसाठी फार झाला. ‘फक्त ५ वॉटचा ट्यूब ॲम्प, घरी वाजवायला उत्तम’ असं कुणी सांगितलं तर त्याच खोलीत त्या ॲम्पचा आवाज शेवटपर्यंत चढवून दाखवायला सांगा.

मग जास्त वॉट लागतात कशाला? क्लीन आवाज फाटू नये म्हणून. ड्रमर जोरात वाजवतो तेव्हा त्याच्या बरोबरीने स्वच्छ ऐकू यायचं तर ॲम्पकडे राखीव ताकद हवी. बँडच्या तालमीला १५ ते २० वॉटचा ट्यूब ॲम्प सहसा पुरतो, सॉलिड स्टेटमध्ये, म्हणजे ट्रान्झिस्टरवर चालणाऱ्या ॲम्पमध्ये, मात्र ४०-५० वॉट असलेले बरे. याचा अर्थ ट्यूबचा वॉट वेगळा मोजतात असा नाही. ट्यूब ॲम्प मर्यादेपलीकडे गेला की हळूहळू, गोडसर फाटतो आणि तो फाटका आवाज आपण वापरतो. ट्रान्झिस्टर मर्यादेला आदळला की कर्कश कडकडतो, म्हणून त्याला तिथपर्यंत जाऊच द्यायचं नसतं. एकाची पूर्ण ताकद वापरता येते, दुसऱ्याची काही राखून ठेवावी लागते, इतकंच.

तुमच्यासाठी मी ट्यूब ॲम्प सुचवणार नाही. ट्यूब मला आवडत नाहीत असं नाही, स्टेजवर मी बहुधा ट्यूबच वापरतो. पण त्याची खरी मजा आवाज चढवल्यावर सुरू होते आणि तुमच्या खोलीत ती वेळ येणारच नाही. वर वजन, झिजणाऱ्या ट्यूब, आणि काही पथ्यं. स्पीकर जोडलेला नसताना ट्यूब ॲम्प चालू करून वाजवला तर आउटपुट ट्रान्सफॉर्मर जळू शकतो. आत ४०० व्होल्टच्या आसपास दाब असतो आणि प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो काही काळ टिकतो, त्यामुळे कुतूहल म्हणूनही मागचं झाकण उघडायचं नाही.

‘सॉलिड स्टेट म्हणजे दुय्यम’ हा समज तर सोडूनच द्या. रोलंडचा जेसी-१२० हा ॲम्प १९७५ साली आला. त्यात ६० वॉटचे दोन स्वतंत्र ॲम्प, १२ इंची दोन स्पीकर आणि ट्यूब एकही नाही. क्लीन आवाजाचा विषय निघाला की आजही आधी त्याचं नाव येतं. त्याचा कोरस (एकाच वेळी अनेक गिटार वाजल्यासारखा वाटणारा इफेक्ट) इतका गाजला की पुढच्याच वर्षी ते सर्किट रोलंडच्याच बॉस या ब्रँडच्या सीई-१ या पेडलमध्ये स्वतंत्रपणे विकायला आलं.

उरला मॉडेलिंग ॲम्प, म्हणजे जुन्या नामांकित ॲम्पांच्या वागण्याची गणिती नक्कल करणारा. लाइन ६ कंपनीने १९९८ मध्ये पॉड नावाचं लाल, मूत्रपिंडाच्या आकाराचं यंत्र काढलं तेव्हापासून हा प्रकार घराघरांत पोहोचला. तेव्हा नक्कल ओळखू यायची. आता हातात गिटार असलेल्याला थोडी जाणवते, समोर बसलेल्याला जवळपास नाहीच. यामाहाची टीएचआर मालिका टेबलावर ठेवून हळू वाजवण्यासाठीच बनवली आहे. बॉसच्या कटाना ५० मध्ये १२ इंची स्पीकर आहे आणि ताकद ५० वॉटवरून अर्ध्या वॉटपर्यंत खाली आणता येते. म्हणजे तोच ॲम्प खोलीत आणि तालमीत दोन्हीकडे चालतो. तुमच्या गरजेला मी याच जातीचा ॲम्प सुचवीन. कंपनी कोणती ते कानाने ठरवा.

या जातीला एक रोग आहे, तो म्हणजे तयार प्रीसेट, म्हणजे कंपनीने आधीच भरून दिलेली सेटिंग्ज. ते दुकानात पहिल्या दहा सेकंदांत छाप पाडण्यासाठी केलेले असतात: गेन (आवाज फाडणारी ताकद) भरपूर, रिव्हर्ब (मोठ्या खोलीसारखी घुमण) भरपूर, डिले (प्रतिध्वनी) भरपूर. घरी आल्यावर माणूस तासभर वाजवण्याऐवजी तासभर प्रीसेट फिरवतो. त्यामुळे ॲम्प आणल्यावर पहिले काही आठवडे एकच क्लीन ॲम्प निवडा, सगळे इफेक्ट्स बंद ठेवा आणि फक्त बास, मिडल, ट्रेबल (खालचे, मधले, वरचे स्वर) ही तीन बटणं फिरवून बघा. दुसरं, ज्या ॲम्पची मुख्य कामं अंगावरच्या बटणांनी होतात तोच घ्या. मोबाइलवरच्या ॲपशिवाय रिव्हर्ब कमी करता येत नसेल तर तो ॲम्प मला नको. ॲम्प पंधरा वर्षं चालतो. त्याचं ॲप तेवढी वर्षं चालेल याची हमी कोण देणार?

स्पीकरचा आकारही बघा. सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली की तिचा मूळ स्वर ८२ हर्ट्‌झच्या आसपास असतो. ६ इंची स्पीकर आणि बुटाच्या खोक्याएवढी पेटी तिथपर्यंत नीट पोहोचतच नाही. कान वरच्या स्वरांवरून अंदाज बांधून घेतो. ८ इंच चालेल, १० किंवा १२ इंच असेल तर गिटार भरीव वाटते.

वरच्या टोकाला याहून महत्त्वाची गोष्ट घडते. गिटारचा स्पीकर ५-६ हजार हर्ट्‌झच्या वर झपाट्याने गळपटतो. हा दोष वाटेल, पण डिस्टॉर्शन (मुद्दाम फाडलेला आवाज) ऐकवत राहतं ते त्यामुळेच. तेच डिस्टॉर्शन पेडल थेट गाण्यांच्या होम स्टिरिओला किंवा संगणकाला जोडून बघा, मधमाश्यांचं पोळं उठल्यासारखा आवाज येईल, कारण स्पीकर जे कापून टाकतो ते सगळं आता तुमच्या कानात शिरतंय. म्हणून हेडफोनवर सराव करणार असाल तर ॲम्पच्या हेडफोन जॅकमध्ये स्पीकरची नक्कल आहे का, ते तपासा; माहितीपत्रकात त्याला कॅबिनेट सिम्युलेशन म्हणतात. हेडफोन तारेचेच घ्या. ब्लूटूथ हेडफोनमध्ये आवाज बहुधा १०० मिलिसेकंदांहून जास्त उशिरा येतो आणि तालात वाजवणं अशक्य होतं. १० मिलिसेकंदांचा उशीर खपतो, तीन-साडेतीन मीटरवर ठेवलेल्या ॲम्पचा आवाज यायला तेवढाच वेळ लागतो. ॲम्पवर ‘ब्लूटूथ’ लिहिलेलं असतं ते सहसा मोबाइलवरचं गाणं ॲम्पमध्ये घेऊन त्यासोबत वाजवण्यासाठी. ती सोय मात्र उपयोगाची आहे.

कुणी कायम हेडफोनवरच वाजवणार असेल तर ॲम्प न घेता ऑडिओ इंटरफेस आणि सॉफ्टवेअर घेतलेलं परवडतं. फक्त इंटरफेसला गिटारसाठीचं इनपुट हवं, म्हणजे साधारण १ मेगाओहमचं. संगणकाच्या साध्या लाइन इनपुटचा रोध फार कमी असतो. पिकअपवर त्याचा बोजा पडतो आणि गिटार घोंगडीखाली झाकल्यासारखी मंद वाजते. बँडची इच्छा असलेल्याला मी तरीही ॲम्पच सांगेन. हवा हलवणारा स्पीकर समोर असला की हात वेगळा चालतो.

दुकानात जाताना स्वतःची गिटार आणि स्वतःची केबल न्या. विक्रेत्याला वाजवून दाखवायला सांगू नका, त्याच्या हातात कुठलाही ॲम्प छान वाजतो. टोनची सगळी बटणं मध्यावर, रिव्हर्ब शून्य, गेन कमी, आणि आवाज घरी असेल तेवढाच. एक मोकळी जी कॉर्ड सावकाश वाजवा आणि सहाही तारा वेगवेगळ्या ऐकू येतात का बघा. मग सगळ्यात बारीक तारेवर बाराव्या फ्रेटचा स्वर धरा: तो टोचतो, की गोल राहतो? त्यानंतर तोच स्वर पिकने हलका आणि मग जोरात. चांगला ॲम्प या दोन्हींत नुसता आवाजाचा नाही, पोताचा फरक दाखवतो. शेवटी गेन वाढवून गिटारवरचं व्हॉल्यूम बटण अर्ध्यावर आणा. आवाज निवळून जवळजवळ क्लीन झाला तर तो ॲम्प तुमच्या बोटांचं ऐकतो. या एका कसोटीवर दुकानातले निम्मे ॲम्प गळतात.

गेन आणि व्हॉल्यूम यांतला फरक इथेच समजून घ्या. गेन सुरुवातीच्या टप्प्यात सिग्नल किती चेपायचा ते ठरवतो, मास्टर व्हॉल्यूम शेवटी किती मोठ्याने बाहेर सोडायचा ते. नव्या माणसाचा हात नेहमी गेनकडे जातो, कारण गेन चढवला की सगळे स्वर सारख्याच उंचीचे होतात, लांबतात, आणि वाजवण्यातली कसर झाकली जाते. सराव करताना हीच त्याची अडचण, कसर ऐकूच येत नाही. शिवाय डिस्टॉर्शनमध्ये दोन स्वर एकत्र गेले की त्यांच्या बेरजा-वजाबाक्यांचे नवे स्वर तयार होतात. षड्ज-पंचमाची जोडी ३:२ या सोप्या प्रमाणात असते, तिचे उपस्वर जुळून येतात, म्हणून पॉवर कॉर्ड भरपूर गेनवरही दणकट वाटते. त्यात गंधार आला की चिखल होतो. पूर्ण मेजर कॉर्ड वाजवायची असेल तर गेन खाली यायलाच हवा. रेकॉर्डिंगमधल्या जाडजूड गिटार बहुधा एकावर एक वाजवलेल्या दोन-चार गिटार असतात आणि त्यांतल्या प्रत्येकीवर वाटतो त्यापेक्षा कमी गेन असतो.

अशीच फसगत टोनच्या बटणांची. हळू आवाजात माणसाच्या कानाला खालचे स्वर कमी ऐकू येतात; फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ मध्ये हे मोजून दाखवलं. म्हणून खोलीत बास आणि ट्रेबल चढवून मिडल पाडलं की फार भारी वाटतं. तेच सेटिंग बँडमध्ये नेलं की बास बेस गिटारमध्ये बुडतो, ट्रेबल झांजांमध्ये, आणि तुम्ही दिसता पण ऐकू येत नाही. गिटारची जागा मिडलमध्येच आहे. तालमीत ऐकू येत नसेल तर व्हॉल्यूमआधी मिडल वाढवा.

आता पेडलं.

ट्यूनर लगेच घ्यायचं हे वर सांगितलंच. पायाने दाबला की आवाज बंद होतो आणि शांतपणे सुरात आणता येतं. बँडमध्ये त्याचं मोल कळतं. तोपर्यंत हेडस्टॉकला लावायचा क्लिप ट्यूनरही चालेल.

आवाज फाडणाऱ्या पेडलांचे तीन प्रकार आहेत: ओव्हरड्राइव्ह (हलकं फाडणारं), डिस्टॉर्शन (जोरात फाडणारं) आणि फझ (आवाजाचा पार भुगा करणारं). फझची जन्मकथा गमतीची आहे. १९६० च्या सुमारास नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत मिक्सिंग कन्सोलमधला ट्रान्सफॉर्मर बिघडला आणि एक बेस सोलो फाटका रेकॉर्ड झाला. लोकांना तो आवडला. मग इंजिनिअर ग्लेन स्नॉडी यांनी तसा आवाज मुद्दाम काढणारं सर्किट तयार केलं, आणि तेच १९६२ मध्ये माएस्ट्रो फझ-टोन या नावाने गिब्सन कंपनीने बाजारात आणलं. फझ मजेदार आहे, पण पहिलं पेडल म्हणून हट्टी. त्याला बाजूला ठेवू.

ओव्हरड्राइव्ह आणि डिस्टॉर्शनमधली निवड तुमच्या ॲम्पवर अवलंबून आहे आणि हे फारसं कुणी सांगत नाही. आयबानेझचं ट्यूब स्क्रीमर घ्या. ते बास कापतं, ७०० हर्ट्‌झच्या आसपास मिडल उंचावतं आणि आधीच फाटायच्या बेतात असलेल्या ट्यूब ॲम्पला पुढे ढकलतं. तिथे ते अप्रतिम वागतं. पण अगदी स्वच्छ सॉलिड स्टेट ॲम्पपुढे एकटं लावलं की अनेकांना ते नाकातून बोलल्यासारखं, पातळ वाटतं. मग पेडलला दोष दिला जातो. अशा क्लीन ॲम्पपुढे बॉस डीएस-१ किंवा प्रोको रॅट जास्त शोभतात. १९७० च्या दशकाच्या अखेरीची ही दोन्ही पेडलं फाटका आवाज स्वतःच घडवतात, ॲम्पकडून फक्त मोठा करून घेतात. मॉडेलिंग ॲम्पमध्ये हे सगळं थोड्याफार फरकाने आतच असतं. त्यामुळे आधी आतलं वापरून कोणती जात आवडते ते ठरवा, मग हवं तर खरं पेडल घ्या.

त्यानंतर माझ्या यादीत डिले येतो. रिव्हर्ब बहुतेक ॲम्पमध्ये असतोच. डिले घेताना टॅप टेम्पोची (ठोके देऊन लय ठरवायची) सोय असलेला घ्या, नाहीतर हिशोब करावा लागतो: ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमने, म्हणजे मिनिटातल्या ठोक्यांनी, भागा, एका ठोक्याचे मिलिसेकंद मिळतील. १२० च्या लयीला ५०० मिलिसेकंद, आणि पाऊण ठोक्याचा उसळता डिले हवा असेल तर ३७५. कोरस, फेझर (आवाज फिरल्यासारखा करणारा), कंप्रेसर (लहान-मोठे स्वर सारखे करणारा) हे ज्याच्या त्याच्या संगीतावर. वॉ पेडल (पायाने झुकवून ‘वा-वा’ असा आवाज काढणारं) हवंहवंसं वाटतं, आणि पायाखाली आलं की प्रत्येक गाण्यात वापरलं जातं, जरा थांबा. नॉइज गेट (वाजवत नसताना खरखर बंद करणारं पेडल) घ्यायची इच्छा झाली की आधी गेन कमी करून बघा, बहुतेकदा गरज संपते.

लूपर (वाजवलेलं रेकॉर्ड करून पुन्हा पुन्हा ऐकवणारं) मात्र नव्या माणसासाठी सगळ्यात दुर्लक्षित पेडल आहे. चार कॉर्डची साथ रेकॉर्ड करा आणि तिच्यावर वाजवा. लूपच्या सांध्यात लय किंचित हुकली तरी प्रत्येक फेरीला ती कानावर आदळते. माझ्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांची लय पक्की झाली, त्यांतल्या बऱ्याच जणांकडे दुसरं एकही पेडल नव्हतं.

मल्टिइफेक्ट्सचा प्रश्न यातूनच सुटतो. साधा, क्लीन ॲम्प असेल तर त्याच्यापुढे मल्टिइफेक्ट्स ही चांगली प्रयोगशाळा आहे: फेझर आणि फ्लँजरमधला फरक वाचून कळत नाही, ऐकून कळतो. मॉडेलिंग ॲम्प घेतला तर मात्र तीच गोष्ट दोनदा विकत घेतल्यासारखं होतं. दोन्ही वापरायची वेळ आलीच तर मल्टिइफेक्ट्समधली ॲम्प आणि कॅबिनेटची नक्कल बंद करा. नकलेवर नक्कल, तीही खऱ्या स्पीकरमधून वाजली की आवाज डबक्यातून आल्यासारखा होतो. ‘मल्टिइफेक्ट्स घेतलं पण घरी भिकार वाजतं’ या तक्रारीमागे मला बहुतेक वेळा हीच सेटिंग सापडते.

पेडलं कोणत्या क्रमाने जोडायची याला कारण आहे, नियम नाही. ट्यूनर आधी, कारण त्याला कोरा सिग्नल हवा. मग वॉ आणि कंप्रेसर, मग फाडणारी पेडलं, मग कोरस-फेझर, शेवटी डिले आणि रिव्हर्ब. डिले आधी आणि डिस्टॉर्शन नंतर ठेवलं तर प्रतिध्वनीसुद्धा फाटतात आणि एकमेकांत कालवले जातात. तुम्ही डिस्टॉर्शन ॲम्पच्या गेनमधूनच घेत असाल तर डिले ॲम्पच्या पुढे लावूनही हेच होणार. त्यासाठी ॲम्पच्या मागे इफेक्ट्स लूप असतो: सेंडमधून डिलेच्या इनपुटला, डिलेच्या आउटपुटमधून रिटर्नला. पहिला ॲम्प घेताना लूप असला तर उत्तम, नसला म्हणून अडत नाही. जुन्या धाटणीच्या फझचा अपवाद: फझ फेससारख्या पेडलला थेट गिटार आवडते, त्याच्या आधी बफर असलेलं काहीही आलं की त्याचा स्वभाव बिघडतो.

बफर म्हणजे काय, तेही थोडक्यात: सिग्नलला लांबवर जाण्याचं बळ देणारं छोटं सर्किट. गिटारच्या केबलमध्ये मीटरमागे साधारण १०० पिकोफॅरडची धारिता असते. केबल लांबत गेली की वरचे स्वर हळूहळू गळतात. सगळी पेडलं ट्रू बायपास (बंद असताना सिग्नल सर्किटला न लागता सरळ पुढे सोडणारी) असतील आणि सगळी बंद असतील तर गिटारला ती अख्खी लांबी एकटीने ओढावी लागते. रांगेत कुठेतरी एक बफर असलेलं पेडल असलं की पुढचा भार ते उचलतं. बॉसची बहुतेक पेडलं बफरवाली असतात. तेव्हा ‘ट्रू बायपासच चांगलं’ हे वाक्य गंभीरपणे घेऊ नका. दोन पेडलं आणि तीन मीटरची केबल असताना तर काहीच फरक पडत नाही.

वीजपुरवठ्याकडे मात्र गंभीरपणे बघा, पेडलं इथेच मरतात. बहुतेक पेडलांना ९ व्होल्ट डीसी लागतो आणि पिनचा मधला भाग ऋण असतो, घरातल्या इतर बऱ्याच अडॅप्टरच्या उलट. पेडलवर व्होल्ट आणि ध्रुवाची खूण छापलेली असते. ती अडॅप्टरशी जुळलीच पाहिजे. मिलिअँपिअरचं तसं नाही. पेडल लागेल तेवढाच करंट ओढतं, त्यामुळे अडॅप्टरची क्षमता जास्त असली तर चालते, कमी असली तर चालत नाही. ओव्हरड्राइव्हला १० मिलिअँपिअरही पुरतात, डिजिटल डिले किंवा रिव्हर्ब १०० ते ३०० मागू शकतात. एकाच अडॅप्टरला साखळी केबल लावून दोन-तीन साधी ॲनालॉग पेडलं खुशाल चालवा. त्यात डिजिटल पेडल आलं की बारीक शिट्टी ऐकू यायला लागते. मग प्रत्येक आउटपुट स्वतंत्र असलेला आयसोलेटेड सप्लाय हाच उपाय. बॅटरीवर चालवत असाल तर वाजवून झाल्यावर इनपुटमधला जॅक काढा. बहुतेक पेडलांत तोच चालू-बंदचा खटका असतो, पायाखालचा नव्हे.

गुणगुण येत असेल तर पेडल बदलण्याआधी गिटार हातात धरून हळूहळू वळा. एका दिशेला गुणगुण कमी झाली तर ती सिंगल कॉइल (एकाच कॉइलच्या) पिकअपची आहे, खोलीतल्या तारा आणि ट्रान्सफॉर्मरमधून पकडलेली. दोन कॉइलचा हंबकर पिकअप याच त्रासावर उपाय म्हणून सेथ लव्हर यांनी गिब्सनमध्ये १९५५ च्या सुमारास तयार केला. डिमरवर मंद होणारे दिवे आणि मोबाइलचे चार्जर दूर करून बघा. काही लोक गुणगुण घालवायला ॲम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाकतात. हे कधीही, कुणाच्याही सांगण्यावरून करू नका. अर्थिंग नसलेल्या ॲम्पमध्ये बिघाड झाला तर वीज गिटारच्या तारांतून तुमच्या हातात येते, आणि समोर मायक्रोफोन असेल तर ओठांतून वाट काढते.

जुना ॲम्प घेणं पहिल्या खेपेला वाईट नाही, सॉलिड स्टेट असेल तर उलट फायद्याचं. सगळी बटणं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवा. थोडी खरखर क्लीनरने जाते, आवाज मध्येच पूर्ण तुटत असेल तर बटण बदलावं लागेल. केबल लावून जॅक हलवून बघा. जाड तारेवर जोरात वाजवून स्पीकर फडफडतो का ऐका. निदान अर्धा तास चालू ठेवा, कारण काही दोष गरम झाल्यावरच बाहेर येतात. आणि दुसऱ्या देशातून आलेला असेल तर मागची पट्टी वाचा: १२० व्होल्टसाठी बनवलेला ॲम्प २३० च्या सॉकेटला लावला तर वाजवून बघायची वेळच येणार नाही.